कॉर्कमधला एक शनिवार

कामासाठी तीन आठवडे डब्लिनला होते, त्यातला एक शनिवार कॉर्कसाठी काढला. ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेनने साधारण अडीच तास. ऑफिसमधले सगळे म्हणत होते इंग्लिश मार्केट बघ, शँडनच्या चर्चमधल्या घंटा वाजव, आणि मी बाई निघाले दफनभूमी बघायला!

कारण टेरेन्स मॅकस्विनी, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात उपोषण करून प्राण दिलेले कॉर्कचे महापौर. आपले क्रांतिकारक जतीन दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनीच्या घरच्यांनी आयर्लंडहून तार पाठवली होती, हे कधीतरी वाचलं आणि ते डोक्यातून जाईचना.

आधी ली नदीच्या काठावरचा सिटी हॉल. बाहेर दोन अर्धपुतळे आहेत, तोमास मॅक कर्टन आणि मॅकस्विनी, दोघंही १९२० सालचे महापौर. मॅक कर्टनना मार्चमध्ये राहत्या घरात गोळ्या घातल्या, मग त्या खुर्चीवर मॅकस्विनी बसले. काय हिंमत असेल बघा, आधीच्याचं काय झालं ते डोळ्यांसमोर असताना! १२ ऑगस्टला इंग्रज सैन्याने त्यांना सिटी हॉलमधूनच पकडलं. मी इमारतीचे पंधरा फोटो काढले आणि नंतर कळलं की ती इमारत ही नव्हेच, ती त्याच डिसेंबरात जळाली, ही नंतर बांधलेली.

लष्करी कोर्टाने दोन वर्षं ठोठावली, तर हे तिथेच म्हणाले की जिवंत किंवा मेलेला, महिन्याभरात मी सुटणारच. मग लंडनचं ब्रिक्स्टन जेल आणि ७४ दिवस अन्नाला शिवले नाहीत. आपल्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी, मी तर साबुदाण्याच्या खिचडीवाली, मला ७४ हा आकडा नुसता वाचूनच पोटात खड्डा पडतो. २५ ऑक्टोबरला गेले. घरी बायको म्युरिएल आणि दोन वर्षांची मुलगी. डब्लिनमध्ये गर्दी उसळेल म्हणून सरकारने शवपेटी तिकडे जाऊच दिली नाही, होलीहेडहून बोटीने थेट कॉर्कला पाठवली. मेलेल्या माणसाची एवढी धास्ती!

सेंट फिनबार दफनभूमी गावाच्या पश्चिमेला, मी पावसात चालतच गेले (छत्री तिथल्या वाऱ्याने उलटी केली, ती कचऱ्यात). रिपब्लिकन प्लॉट, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या कबरींचा भाग, सापडायला वेळ लागला नाही. दोन्ही महापौर शेजारी शेजारी.

पण मी जास्त वेळ थांबले ते जो मर्फी नावाच्या कैद्यासाठी. मॅकस्विनी एकटे नव्हते हो, कॉर्कच्या तुरुंगात कैद्यांचं उपोषण त्यांच्या अटकेच्या आदल्याच दिवशी सुरू झालं होतं, त्यात मायकल फिट्झजेराल्ड १७ ऑक्टोबरला गेले आणि जो मर्फी मॅकस्विनींच्याच दिवशी, काही तासांनी, ७६ दिवसांनी. म्हणजे महापौरांपेक्षा दोन दिवस जास्तच. जगभरच्या पेपरांत नाव आलं ते महापौरांचं, मर्फी आमच्या टॅक्सीवाल्यालासुद्धा माहीत नव्हता आणि तो पक्का कॉर्कचा. उरलेल्या नऊ जणांनी ९४ दिवसांनी, आयरिश नेते आर्थर ग्रिफिथ यांच्या सांगण्यावरून, नोव्हेंबरात उपोषण सोडलं. त्या नऊ जणांची नावं मला अजून पाठ नाहीत, याची जरा लाज वाटली.

तिथून परत येईपर्यंत इंग्लिश मार्केटमधले गाळे आवरायला लागले होते. एका बाईने उरलेला ब्रेड अर्ध्या किमतीत दिला, तो स्टेशनवर उभ्यानेच संपवला. शँडनच्या घंटा राहिल्या त्या राहिल्याच.