एक टीबीची डिस्क, दिसते ४६५

वॉरंटीत बदलून आलेली हार्ड डिस्क कमी दिसतेय, अशी तक्रार एका सीएच्या ऑफिसातून आमच्याकडे, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे, आली. तीही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्न भरायची घाई ऐन भरात असताना. अशा बहुतेक तक्रारी ९३१ या आकड्यापाशी मिटतात. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरते. विंडोज त्याच बाइटना १,०७,३७,४१,८२४ ने (१,०२४ चा घन) भागते आणि उत्तरापुढे तरीही ‘जीबी’च लिहिते. २ टीबीचे १,८६३ होतात, ५०० जीबीचे ४६५. मॅकवर २००९ च्या स्नो लेपर्डपासून दशमान हिशोब आहे, म्हणून तीच डिस्क तिथे पूर्ण दिसते. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला आपल्याला फसवलंय असंच वाटतं, आणि गणित समजावण्यात जाणाऱ्या वेळाचं बिल लावता येत नाही.

इथे मात्र आकडा ४६५.७६ होता. स्टिकरवर १ टीबी, मॉडेल नंबरही १ टीबीचाच.

आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. त्याने डिस्क फॉरमॅट करून विंडोज मारली, जागा वाढली नाही म्हणून परत मारली, आणि ‘विंडोजच एवढी जागा खाते’ असं सांगून पैसे घेऊन गेला. विंडोज जागा खाते हे खरं आहे: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, शॅडो कॉपी, अपडेटनंतर राहिलेलं जुनं विंडोज. पण हे सगळं ड्राइव्हच्या आत भरलेलं दिसतं, त्याने डिस्कचा आकार कमी होत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून डावीकडच्या राखाडी चौकोनातला आकडा वाचायला मिनिटही लागत नाही, आणि तोच कुणी वाचत नाही.

त्या चौकोनात ९३१ असेल आणि उजवीकडे काळ्या पट्टीखाली अर्धी जागा ‘अनअलोकेटेड’ पडली असेल, तर भानगड पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची. ५०० ची डिस्क १ टीबीवर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली, की हमखास असं होतं. सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मधोमध रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं, त्यामुळे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं. पण चौकोनातच ४६५ असेल आणि काळी पट्टी नसेल, तर डिस्क स्वतःच आपला आकार तेवढा सांगतेय. मग विंडोज कितीही वेळा मारा.

मोठी डिस्क कमी दिसण्याचेही ठरलेले आकडे असतात. ४ टीबीची डिस्क एमबीआर या पार्टिशन नोंदवायच्या जुन्या पद्धतीने मांडली की २,०४८ जीबी मिळतात आणि १,६७८ अडकून राहतात, कारण एमबीआरमध्ये सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे कप्पे) मोजायला ३२ बिटच आहेत. उपाय जीपीटी ही नवी पद्धत, त्यावरून विंडोज बूट करायचं तर बायोस यूईएफआय या नव्या मोडमध्ये हवं. ३ टीबीची डिस्क ७४६ दाखवत असेल तर जुना स्टोरेज ड्रायव्हर किंवा यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडायचा खाचा) मर्यादा ओलांडून पुन्हा शून्यापासून मोजतोय. जुन्या मशीनवर अडकण्याची जागा कंपनीच्या हिशोबाने १३७ जीबी, म्हणजे २८ बिटांची हद्द. ४६५ यातल्या कशातच बसत नव्हता.

डिस्क डॉकमधून काढून थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावली. डॉकमधल्या यूएसबी-साटा जोडणाऱ्या बऱ्याच चिपा पुढच्या आज्ञा डिस्कपर्यंत पोचवतच नाहीत, म्हणून ही पायरी चुकवायची नाही. बायोसमध्येही ५०० जीबीच. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं आणि त्याच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) नोंदींत उत्तर लिहिलेलंच होतं: एचपीए सापडला, सध्याचे सेक्टर ९७,६७,७३,१६८, मूळचे १,९५,३५,२५,१६८. डिस्कशी थेट बोलणाऱ्या एचडीपार्म या लिनक्स आज्ञेच्या ‘-एन’ने हेच दोन आकडे दिले.

एचपीए म्हणजे डिस्कच्या शेवटी राखून ठेवलेला भाग. डिस्कच्या आज्ञांचं जे एटीए प्रमाण आहे, त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. लॅपटॉपवाले त्यात रिकव्हरी ठेवत, काही मदरबोर्ड बायोसची प्रत ठेवत. पण ते चोरकप्पे लहान असतात. इथला पहिला आकडा हा ५०० जीबीच्या डिस्कला उद्योगाने ठरवून दिलेला सेक्टरांचा आकडा आहे, एकही कमी-जास्त नाही. असं आपोआप होत नाही. ५०० च्या जागी १ टीबीची डिस्क बसवताना रेडच्या, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या, इतर डिस्कांशी आकार जुळावा म्हणून ती अशी छाटतात. म्हणजे सीलबंद पाकिटातून आलेली ही डिस्क आधी कुठेतरी नांदून आली होती. चालू तासांचा आकडा जवळपास शून्य होता, पण वापरलेली डिस्क रिफर्बिश करून पुन्हा देताना तो शून्यावर आणता येतो.

नवीन विंडोजची इमेज (पूर्ण प्रत) दुसरीकडे काढून घेतली आणि लिनक्सला ‘लिबाटा.इग्नोअर_एचपीए=१’, म्हणजे एचपीएकडे दुर्लक्ष कर, असं सांगून पुन्हा बूट केलं. याने डिस्कवर कायमचं काही न बदलता पूर्ण आकार वाचता येतो. पहिल्या अर्ध्या भागात विंडोजने हात न लावलेल्या जागी सगळी शून्यं होती, म्हणजे कुणीतरी डिस्क रीतसर पुसली होती. सीमेच्या पलीकडे शून्यं नव्हती. कच्चे बाइट हेक्समध्ये उघडले तर फोल्डरांच्या नावांचे तुकडे दिसत होते आणि जागोजाग ‘एफएफ डी८ एफएफ’, म्हणजे जेपेग चित्राची सुरुवात. पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने डिस्कला आकार विचारला, डिस्क म्हणाली ५००, त्याने ५०० पुसले.

त्या फाइलींची रिकव्हरी चालवली नाही. चालवली असती तर माणसं दिसली असती.

एचपीएचं कुलूप काढायची आज्ञा एचडीपार्मच्या ‘-एन’पुढे ‘पी’ आणि पूर्ण सेक्टरसंख्या अशी. ‘पी’ विसरलात तर वीज गेली की डिस्क पुन्हा ५०० ची. कायमची आज्ञा एकदा दिली की डिस्क दुसरी घेत नाही, एरर देते; तेव्हा नुसतं रिस्टार्ट पुरत नाही, वीजच तोडावी लागते. काही बायोस सुरुवातीलाच ही सोय गोठवतात. मग आधी मशीन बूट करून डिस्कची वायर नंतर जोडायची. यानंतर पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने १ टीबीला दोन तासांच्या आतबाहेर लागतात.

इमेज परत टाकल्यावर अपेक्षेप्रमाणे रिकव्हरी पार्टिशन मध्ये आलं. जीपीटीच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर असावी लागते, ती अर्ध्यातच राहिली होती. जीडिस्क या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञ मेनूतल्या ‘ई’ने तिला शेवटाला नेलं. मग विंडोजची रिकव्हरी चालू-बंद करणारी ‘रीएजंटसी’ डिसेबल, डिस्कपार्टमध्ये ‘ओव्हरराइड’ लावून रिकव्हरी पार्टिशन डिलीट, शेवटी १ जीबी सोडून सी वाढवला, त्या १ जीबीत रिकव्हरी पुन्हा उभी करून ‘रीएजंटसी’ एनेबल. ९३१ दिसले.

सीए सरांना सगळं सांगितलं. जागा मिळाल्याचा आनंद फार टिकला नाही. ‘म्हणजे आमची जुनी डिस्क आता कुठे आहे?’

ती टिकटिक करत बंद पडली होती, पुसायची सोयच नव्हती, आणि नियमाप्रमाणे जमा करूनच ही मिळाली होती. तिच्यात अशिलांचे पॅन, आधारच्या प्रती, टॅलीचा डेटा, काहीच एन्क्रिप्ट केलेलं नाही. तो सांभाळायची जबाबदारी ऑफिसची. नव्या डिस्कवर त्याच संध्याकाळी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, लावला आणि ते उघडायची रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवली. आता ही मेली तरी तशीच देता येईल. जुनीसाठी असं काहीच करता येत नाही. काही कंपन्या जास्त पैसे घेऊन बिघडलेली डिस्क ग्राहकाकडेच राहू देतात, हे या धंद्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही आणि माहीत असलेले सांगत नाहीत.

सर्व्हिस सेंटरला दोन्ही सेक्टरसंख्यांसकट मेल केला: ही डिस्क आधी कुठे होती, आणि जमा केलेली कुठे गेली? पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की माल गोदामात गेला की सीरियल नंबरवरून शोधता येत नाही. तक्रारीपुढे त्यांनी ‘कपॅसिटी इश्यू, रिझॉल्व्हड’ लिहिलंय. सरांनी ती पुन्हा उघडायला लावली आहे.