गच्चीवरचं सूर्यघड्याळ: चाळीस मिनिटांचा उलगडा झाला!

सूर्यघड्याळ बरोबर आहे! आधी हे सांगून टाकते, कारण मागची नोंद मी फार वैतागून लिहिली होती.

नोव्हेंबरात काय झालं होतं ते आठवत असेल. सनबोर्डचा पाट, इंदूरच्या अक्षांशाइतका म्हणजे २२.७ अंशांचा त्रिकोणी काटा, आणि मोबाइलच्या वेळेपेक्षा जेमतेम १० मिनिटं मागे चालणारी सावली. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, इंदूर साधारण ७५.८६ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर फरक साडेसव्वीस मिनिटांचा यायला हवा. मग १० च का? मोठ्या मुलीने (आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात) हा प्रश्न लाल पेनाने वहीत लिहून ठेवला आणि आम्ही अपूर्णांकांकडे वळलो.

आता फेब्रुवारीत नव्या प्लायवर ऑइल पेंटने पक्क्या रेघा मारून सगळं पुन्हा मांडलं, तर सावली बाराच्या रेघेवर आली तेव्हा मोबाइलमध्ये १२:४१! काटा तोच, गच्ची तीच. मोठीचा चेहरा बघवत नव्हता. एका तासाची रेघ ५.९ अंशांवर, तीन तासांची २१.१ वर, पाच तासांची ५५.२ वर, अशी एकेक रेघ तिने टॅन-साइन वापरून स्वतः काढली होती.

म्हणून आठवड्याचं वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि एकेक संशयित तपासायला घेतला.

पहिली उत्तर दिशा. मोबाइलच्या होकायंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. लोखंडी कठड्याजवळ ते दर दोन पावलांना वेगळी उत्तर दाखवतं. आम्ही जुनीच रीत वापरली. सपाट जागी काठी ओळंब्यात उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं तिथे एक खूण केली, दुपारी पुन्हा टेकलं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडून त्या रेघेवर मधोमध लंब टाकला की झाली दक्षिणोत्तर. ही रेघ आमच्या बाराच्या रेघेला दोऱ्याच्या जाडीइतकीही चुकत नव्हती. म्हणजे दिशा निर्दोष.

मग सपाटी. गवंड्याची लेव्हल आडवी-उभी ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध.

मग काट्याचा कोन. इथे धाकट्याने कमाल केली. रात्री कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवला, मध्यातून ओळंबा सोडला आणि स्ट्रॉमधून ध्रुवतारा धरला, कारण त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच जवळपास आपला अक्षांश. उत्तर आलं २३ अंश! नऊ वर्षांच्या मुलाने शहराच्या उजेडात इंदूरचा अक्षांश मोजला, यावर मी अजून खूश आहे. (कोनमापक शाळेच्या कंपासपेटीतला घ्या. ऑनलाइन मागवलेल्या मोठ्या कोनमापकाची शून्याची रेघच तिरकी छापलेली निघाली, तो परत पाठवला. ओळंबा मात्र सियागंज बाजारातून पितळी आणला. प्लॅस्टिकचा वाऱ्यात डुलत राहतो.)

सगळे संशयित सुटले आणि चाळीस मिनिटं होती तिथेच राहिली.

गुरुवारी दुपारी मोठी नोव्हेंबरची वही घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तेव्हा १० होते, आता साडेचाळीस. साडेसव्वीस बरोबर मध्ये येतात बघ. एकदा सोळा कमी, एकदा चौदा जास्त." मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून वही बघायला गेले. गडबड आमच्या पाटात नव्हतीच. सूर्यच वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि तेव्हा वेगाने धावते. शिवाय आस २३.४ अंश कललेली. दोन्ही मिळून नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सोळा मिनिटं पुढे जातो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे पडतो. ज्योतिषगणितात याला वेलांतर म्हणतात. नाव मी नंतर सांगितलं, वक्र आधी तिने आलेखाच्या कागदावर काढला.

शनिवारी रालामंडल अभयारण्य ठरलं होतं. ते रद्द केलं आणि सरळ उज्जैनची वेधशाळा गाठली. सवाई जयसिंगांनी बांधलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली. सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, चापावर मोठीने सव्वाअकरा वाचले तेव्हा मनगटावर ११:५६ झाले होते. एक्केचाळीस मिनिटं! तिथल्या तक्त्यात कोणत्या तारखेला किती मिनिटं मिळवायची ते दिलेलंच आहे. आपल्या वहीतलं उत्तर दगडी यंत्राने खरं केलं म्हणून ती पायऱ्यांपाशी अक्षरशः उड्या मारत होती.

धाकटा अडकला तो नाडीवलय यंत्रापाशी, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीत कललेल्या दोन तोंडांच्या गोल सूर्यघड्याळापाशी. त्याच्या दक्षिण तोंडावर ऊन, उत्तरेचं तोंड सावलीत. २१ मार्चनंतर हे उलटं होणार, कारण सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो. शिवाय त्यावरचे तास सारख्या अंतराचे, प्रत्येकी १५ अंश. घरी येताना गाडीतच ठरलं की पुढचं यंत्र हेच. टॅन-साइन लागत नाही, धाकट्याला एकट्याला जमेल.

बाकीचा आठवडा थोडक्यात. आजोबांबरोबर मोडी वाचन चालू आहे, मुलं आता आपली नावं न अडखळता लिहितात. पोर्टफोलिओत या आठवड्याचं पान गणित, भूगोल आणि इतिहास असं तिन्हीकडे लावलं. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीचं पुढच्या वर्षी बघू, घाई नाही.

हे लिहिता लिहिता बेत पुन्हा बदलतोय. प्लायवरच्या रेघा पुसायच्या नाहीत. पण नाडीवलयाच्या आधी गच्चीत एक खिळा उभा करून दर रविवारी घड्याळाच्या साडेबाराला सावलीच्या टोकाशी ठिपका द्यायचा. वर्षभरात इंग्रजी आठाचा आकडा उमटायला हवा. जूनच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येईल तेव्हा सावली जवळजवळ नाहीशीच होईल, आणि तोवर पाऊस इंदुरात पोचलेला नसतो. तो कोपरा सासूबाईंच्या कुरडयांचा, पण खिळा कठड्याला लागून घेतला तर त्यांची हरकत नाही.

आणि नागपूर, पुणे, बडोद्याच्या, मुलांना घरीच शिकवणाऱ्या घरांना एक विनंती. येत्या रविवारी तुमच्याकडे सावली सर्वात आखूड किती वाजता होते ते मोजाल का? हिशेबाने नागपूरची दुपार आमच्या तेरा मिनिटं आधी, पुण्याची आठ मिनिटं नंतर, बडोद्याची साडेदहा मिनिटं नंतर यायला हवी. मोठीने रकाने आखून ठेवलेत.