एकादशीचा पाव

त्या वर्षीही पंढरपूर गाठणे जमणार नव्हते, म्हणून नवमीला सकाळी आम्ही दोघे इंग्लंडमधल्या फार्नमहून विंचेस्टरकडे चालू लागलो. संत स्विदनच्या नावाची ही वाट ३४ मैलांची, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरची. एकादशीला पोहोचायचे एवढेच ठरले होते. पहिले दोन दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चॉटनचे जेन ऑस्टिनचे घर बाहेरूनच पाहिले, ऑल्सफर्डला वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीचे वाफे पाहिले, आणि तेथून पुढे इचन नदी सोबतीला आली. तिचे पाणी खडूच्या खडकातून झिरपून येते, त्यामुळे तळाचा गोटा न् गोटा दिसतो. चंद्रभागा आठवून मला हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याचा रागही आला.

एकादशीच्या दुपारी, इचन अ‍ॅबसच्या पुढे, उजव्या करंगळीचा फोड फुटला. हे मनगटावरच्या घड्याळात पावले मोजत शंभर हात पुढे गेले होते. "अहो, थांबा की!" म्हणून हाक मारली, ती ऐकू गेली नाही, मनातल्या मनात चाललेला गजरही थांबला, आणि पोटात सकाळच्या दोन राजगिऱ्याच्या लाडवांखेरीज काही नसताना ही वाट कोणी सुचवली याचा मी विचार करू लागले. मीच सुचवली होती.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी मला गवतात बसलेली पाहिले. त्यांनी फारसे काही विचारले नाही. कुंपणाच्या काटेरी तारेला मेंढ्यांची लोकर अडकली होती. तिचे पुंजके त्यांनी शांतपणे वेचून काढले, त्यातल्या काड्या निवडल्या, बोटांनी पिंजून त्याची मऊ वळी केली आणि ती माझ्या करंगळीभोवती गुंडाळून वरून मोजा चढवायला लावला. माझ्या घाणेरड्या पायाला हात लावताना त्या जराही बिचकल्या नाहीत. पुढे केलेली बिस्किटे उपासामुळे मला घेता आली नाहीत, म्हणून उरलेला लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अर्धा करून कुत्र्याला दिला. मला ते क्षणभर आवडले नाही.

मार्टर वर्दी, किंग्ज वर्दी ही गावे लंगडतच गेली.

विंचेस्टरचे कॅथीड्रल भव्य आहे. पण मी बाहेरच्या हिरवळीवरच रेंगाळले. पायांखाली यावे आणि अंगावर पाऊस पडावा, अशा जागी मला पुरा, असे बिशप स्विदनने सांगितल्याची आख्यायिका आहे. पुढे १५ जुलै ९७१ रोजी त्याला आत हलवले. त्या तारखेला पाऊस आला तर चाळीस दिवस थांबत नाही असे येथे म्हणतात. आतली जुनी समाधी १५३८ मध्ये मोडली गेली. बाहेर गवतात आधीच्या जुन्या चर्चच्या पायाची आखणी तेवढी विटांनी केलेली आहे. नामदेवांनीही संतांची पायधूळच मागितली होती, आणि तरी त्यांच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून आई आम्हांला दंडाला धरून कडेने नेत असे. येथे कोणी अडवले नाही. मी बूट काढून त्या गवतातून चालले.

तेथून दीड-दोन किलोमीटरवर, नदीकाठच्या कुरणांपलीकडे सेंट क्रॉस आहे. बाराव्या शतकात बिशप हेन्रीने तेरा निराधार पुरुषांसाठी उभारलेल्या या आश्रमात वाटसरूने मागितले तर आजही पावाचा तुकडा आणि शिंगाच्या लहान पेल्यातून बिअर मिळते. मागावेच लागते, आपणहून देत नाहीत. मी महिनाभर या अन्नदानाचे कौतुक सांगत होते, आणि एकादशीला पाव चालत नाही हे तो हातात पडल्यावर ध्यानात आले. बिअरचा तर प्रश्नच नव्हता, गळ्यात माळ आहे. ह्यांनी दोन्ही पेले संपवले आणि तिसरा मागता येतो का, असे मला हळूच विचारले. मी पाव कपाळाला लावून रुमालात बांधला.

द्वादशीला सकाळी तो सुकून कडक झाला होता. चहात बुडवून त्यावरच पारणे सोडले.