जळगाव ते सारंगखेडा, मागे ट्रेलर

दत्तजयंतीच्या यात्रेत मांड्यांचा स्टॉल लावायचा म्हणून बोलेरोमागे एका आसाचा फूड ट्रेलर जोडून सारंगखेड्याला गेलो. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा असा रस्ता. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरं काम निघण्याआधीचं, ट्रेलरचा भार मोजून नीट बसवायचं.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर, यायला हवा. कमी असला की वेगात ट्रेलर डावी-उजवी झोलतो. जास्त झाला की गाडीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंगवर भरवसा राहत नाही. शिवाय गाडीची आणि हिचची (बॉल बसवलेल्या जोडणीची) मर्यादा बघा. दोन्हींतला लहान आकडा आपला.

पूर्ण वजन ट्रकच्या वजनकाट्यावर करा. बॉलसाठी मात्र तो काटा फार ढोबळ. आम्ही ओळखीच्या भुसार दुकानातला पोत्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. सपाट फरशी, ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून दगड, काट्यावर लाकडी ठोकळा. त्यावर कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं टोक) टेकवला आणि पुढचं छोटं चाक उचललं. ठोकळा अशा उंचीचा हवा की ट्रेलर जोडल्यावर राहतो तसाच राहील, नाहीतर आकडा फसवा. दुकानदार म्हणाला, "काय भाऊ, भंगारमा इकी राह्यनात का?" (भंगारात विकताय का?)

ट्रेलर ८०० किलोचा, काट्यावर २८. कारण पाण्याची १०० लिटरची टाकी आसाच्या मीटरभर मागे होती. आसापासून बॉल अडीच मीटर, म्हणजे टाकी एकटीच बॉलवरून ४० किलो उचलत होती. ती रिकामी केली. एकूण ७००, बॉलवर ६८. पाणी काय, सारंगखेड्यातही मिळतं! पिठाची पोती आणि खापरं आसाच्या जवळ, किंचित पुढे ठेवून आवळून बांधली.

अमळनेरच्या पुढे ट्रक शेजारून जाताना वाऱ्याचा धक्का बसला, ट्रेलर जागचा हलला नाही. तुमचा झोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून तर मुळीच सावरायला जाऊ नका.

परतताना पुन्हा मोजा. पीठ संपलेलं असतं, पुढचा भार गेलेला असतो. शेगडी आणि भांडी पुढे घ्या, टाकीतलं उरलंसुरलं पाणी निघण्याआधीच ओतून द्या.