रेग्युलेटर जोडणं आणि होज जागेवर बसवणं: माझा अनुभव

स्कूबाच्या कोर्समध्ये रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारं उपकरण, टाकीला जोडण्याचं काम हाताला पटकन बसलं. प्रत्येक होज (नळी) अंगावरून कुठून न्यायचा, किती सैल ठेवायचा, हे उमगायला मात्र वेळ लागला. नवशिक्यांना हाच भाग सावकाश शिकवायला हवा, असं माझं ठाम मत झालंय. हवा संपलेला माणूस पाण्याखाली तुमच्याकडे झेपावतो, तेव्हा त्याला श्वास मिळणं न मिळणं तुम्ही काठावर होज कसे लावलेत यावर असतं.

जोडणीबद्दल आधी थोडं. टाकीच्या व्हॉल्व्हचं तोंड बीसीडीकडे (पाण्यात तरंगणं सांभाळणारं, हवेने फुगणारं जॅकेट), म्हणजे आपल्या डोक्याच्या बाजूला हवं आणि फिरवायचा नॉब उजवीकडे. योक पद्धतीत (रेग्युलेटर व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा आवळतात) ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, व्हॉल्व्हच्या तोंडात असते, डिन पद्धतीत (रेग्युलेटर व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवतात) रेग्युलेटरच्या आट्यांपुढे. ती कुठेही असो, बोट फिरवून चीर किंवा वाळूचा कण आहे का ते मी बघते. मग व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातलं पाणी, धूळ उडवून देते आणि फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला लागणारा भाग, बसवते. स्क्रू फक्त बोटांनी आवळायचा, जोर लावायचा नाही. हवेचा दाब आला की तो आपोआप पक्का धरला जातो.

टाकीत 200 बारच्या आसपास दाब असतो. फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9-10 बार जास्त एवढ्यावर आणते आणि तोंडातली सेकंड स्टेज तिथून भोवतालच्या दाबाइतका. 10 मीटरवर भोवतालचाच दाब 2 बार होतो, त्यामुळे तिथे प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या दुप्पट हवा लागते. ही गोष्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मग थोडा मागे फिरवायचा, अशी जुनी शिकवण होती. घाईत कोणी उलट्या दिशेने हात फिरवला, तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडा राहतो. काठावर श्वास व्यवस्थित येतो, खोलवर गेल्यावर मात्र हवा पुरत नाही. म्हणून मी तो सावकाश, पण पूर्ण उघडते, आणि उघडताना गेजची (टाकीतला दाब दाखवणाऱ्या मीटरची) काच स्वतःच्या आणि इतरांच्या चेहऱ्यापासून दूर वळवते. नंतर गेजकडे बघत सेकंड स्टेजमधून काही दमदार श्वास घेते. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन वर येत असेल, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. काटा स्थिर हवा.

व्हॉल्व्ह उघडण्याआधीचीही एक तपासणी आहे, तिला वेळ लागत नाही. बंद टाकीवर सेकंड स्टेज तोंडात धरून हवा ओढायची. काहीच यायला नको. थोडी जरी आली, तर माउथपीस फाटलेला असेल, डायफ्राम (आतला रबरी पडदा) नीट बसलेला नसेल किंवा दुसरीकडे कुठेतरी गळती असेल, आणि तिथूनच पुढे पाणी आत येणार.

आता होज. मुख्य सेकंड स्टेज उजव्या खांद्यावरून येते, ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायची राखीव सेकंड स्टेज, तीही उजवीकडून. बीसीडी फुगवणारा होज आणि गेज डावीकडे. मुख्य होजची लांबी तपासायला मी सगळं अंगावर चढवून मान पूर्ण डावीकडे वळवते. माउथपीस दातांतून ओढला गेला, तर होज आखूड आहे किंवा कुठेतरी अडकलाय. तो फार लांब असला तर कानाशेजारी कमान होऊन पाण्यात ओढला जातो, आणि डाइव्ह संपेपर्यंत जबडा दुखायला लागतो. माझा जबडा असाच दुखायचा. सेकंड स्टेजपाशी फिरता कोपरा लावल्यावर ते थांबलं.

ऑक्टोपसचा होज बहुधा 1 मीटरच्या आसपास असतो आणि पिवळा असतो, म्हणजे लांबून दिसावा. त्याची जागा हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात. एका ओढीत सुटला पाहिजे, पण पोहताना आपोआप सुटून लोंबता कामा नये. इथवर सगळे सांगतात. तो देताना कसा वळतो, हे फार कमी जण दाखवतात. बहुतेक सेकंड स्टेजमध्ये होज वापरणाऱ्याच्या उजवीकडून शिरतो. समोरासमोर असताना माझी उजवी बाजू ही बडीची, म्हणजे सोबतच्या डायव्हरची, डावी. म्हणजे होजला वळसा घेऊन त्याच्या उजवीकडे जावं लागतं. तेवढी ढील नसेल, तर सेकंड स्टेज त्याच्या हातात उलटी जाते, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह वर येतो आणि श्वासाबरोबर पाणीही तोंडात येतं. घाबरलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून मी बडीसमोर उभी राहून, तो डोळे मिटून असताना, ऑक्टोपस त्याच्या हातात देऊन बघते. माउथपीस थेट त्याच्या तोंडाकडे आला की जागा बरोबर.

हल्ली मी लांब होजच्या रचनेकडे वळले आहे. ही पद्धत गुहांमधल्या डायव्हिंगमध्ये रुजली, कारण अरुंद वाटेत दोघांना एकामागोमाग जावं लागतं. सुमारे 2 मीटरचा होज उजव्या कुशीतून खाली जातो, छातीवरून तिरका डाव्या खांद्याकडे, मग मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात. गरज पडली की तोंडातली सेकंड स्टेजच बडीला द्यायची. आपली राखीव रबरी फासात हनुवटीखाली टांगलेली असते, ती आपण घ्यायची. मला हे जास्त पटतं. हवा संपलेला माणूस बऱ्याचदा समोरच्याच्या तोंडातली सेकंड स्टेज ओढतो, आणि ती चालू आहे याची खात्री तर दोघांनाही असते. सराव मात्र इथे सक्तीचा. कुठलाही पट्टा किंवा दुसरा होज या लांब होजच्या वर आला, तर तो सुटणारच नाही.

गेज डाव्या बाजूला क्लिपने अडकवते. लोंबणारा कन्सोल (गेज बसवलेला खोका) प्रवाळावर आपटतो, तळाचा गाळ उडवतो.

बाहेर आल्यावर आधी व्हॉल्व्ह बंद, मग पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून हवा सोडणारं) दाबून काटा शून्यावर, त्यानंतरच स्क्रू सोडायचा. डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) कोरडी पुसून घट्ट लावायची आणि गोड्या पाण्यात भिजवताना पर्ज बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत पोचू शकतं.