तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजनमुळेच झालं का?

माझी लेक तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १२८० ग्रॅम, पुढे आरओपी हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि लेझर करावं लागलं. हे कळलं की प्रत्येकजण विचारतो, ऑक्सिजन जास्त दिला का हो? परवा काकू, तुम्हीपण फोनवर तेच विचारलंत, तुमच्या भाचीचं बाळ पेटीत आहे म्हणून.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या आसपास वाढायला लागतात आणि पार कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस भरावे लागतात. बाळ आधीच आलं तर ते काम अर्धवट राहतं, मग त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढू शकतात, यालाच आरओपी म्हणतात. म्हणजे मूळ कारण लवकर होणं आणि कमी वजन. ऑक्सिजन त्यात भर घालतो, जास्त झाला किंवा सारखा वरखाली झाला तर. पण तो दिलाच नाही तर बाळ जगणार कसं? लेकीच्या एवढ्याशा पावलाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा सेन्सर बांधलेला असायचा, आकडा ९५ च्या वर गेला की सिस्टर येऊन ऑक्सिजन कमी करायच्या आणि मी घाबरायचे, चांगला वाढतोय तर कमी का करतायत! नंतर कळलं, ते डोळ्यांसाठीच होतं.

शिवाय तिला इन्फेक्शन झालं, दोनदा रक्त चढवलं, मधेच श्वास थांबायचा, पहिले काही आठवडे वजन हलेना. हे सगळंच आरओपीचा धोका वाढवतं, यातलं नेमकं काय नडलं ते कोणीच सांगू शकत नाही.

आणि "आमचं बाळ १७०० ग्रॅमचं आहे, त्याला काय होणार" असं प्लीज म्हणू नका. अमेरिकेत साधारण १५०० ग्रॅमपर्यंतची बाळं तपासतात, आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही होतं म्हणून २००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं प्रत्येक बाळ तपासायचं असतं, तेही तीस दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, माझ्या लेकीचे तर इतके टपोरे होते! तपासताना थेंब घालतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात, बाळ रडतं, बघवत नाही, पण काही मिनिटांत होतं.

काकू, भाचीचं बाळ आज चोवीस दिवसांचं ना? डिस्चार्जची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना विचारा की पडद्याची तपासणी झाली का, आणि पुढची तारीख कागदावर लिहून घ्या.