सोमवारी बंद पडणारी गाडी

विजेवर चालणाऱ्या गाडीची मुख्य बॅटरी 80 टक्के भरलेली असताना तिचे दारही रिमोटने उघडत नाही, हे पुष्कळ मालकांना पटत नाही. मुख्य बॅटरीचे साडेतीनशे-चारशे व्होल्ट बाहेर यायचे तर आधी तिचे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, जोडले जावे लागतात, आणि ते जोडण्याचे काम 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या जोरावर होते. ती उतरली की मोठ्या बॅटरीतल्या विजेचा काहीच उपयोग राहत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीची ही बॅटरी याआधी इतरत्र बदलून झालेली होती, आणि तीही एकदाच नव्हे. नवी बॅटरी काही आठवडे चालायची, त्यामुळे बदलणाऱ्याला दोष दूर झाल्यासारखे वाटायचे. गाडीच्या मालकीणबाई मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या : "अहो, ही दर वेळी सोमवारीच बंद पडते." हे वाक्य आधी कोणी मनावर घेतले नसावे. मला ते तक्रारीतले सर्वांत मोलाचे वाटले, कारण खराब झालेली बॅटरी वार पाहून उतरत नाही.

सुरुवात नेहमीच्या तपासणीने केली. गाडी कुलूपबंद केल्यावर तिची कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळी कामे सांभाळणारे छोटे संगणक, एकेक करून झोपी जातात आणि त्याला काही गाड्यांत अर्धा तासही लागतो. तोवर घेतलेले मोजमाप निरर्थक असते. बॉनेट उघडे राहिले तर गाडी जागीच राहते, म्हणून त्याची कडी पेचकसाने बंद स्थितीत आणून ठेवली. मीटर जोडण्यासाठी बॅटरीची तार सोडवणे मी टाळतो, कारण पुरवठा तुटताच सगळी मॉड्यूल नव्याने सुरू होतात आणि अडून बसलेला दोष त्यातच नाहीसा होऊ शकतो. तारेभोवती डीसी क्लॅम्प, म्हणजे तार न सोडवता प्रवाह मोजणारा चिमटा, लावला आणि त्याला नोंद ठेवणारे उपकरण जोडून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आलेखावर 25 मिलिअँपिअरच्या आसपासची सरळ रेघ होती. 20 ते 50 मिलिअँपिअर हे झोपलेल्या गाडीसाठी सर्वसाधारण प्रमाण मानले जाते, म्हणजे गाडीत दोष दिसत नव्हता.

अशा वेळी "आमच्याकडे तर व्यवस्थित चालते" असे सांगून गाडी परत करण्याचा मोह होतो, आणि मला वाटते, याआधी तेच झाले असावे. मी मालकीणबाईंना शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ गाडीचे नेमके काय होते ते विचारले. शुक्रवारी घरी आल्यावर त्या चार्जिंगची गन जोडत आणि सुट्टीत बाहेर जाणे नसल्याने ती थेट सोमवारी काढत. वर्कशॉपमध्ये गाडी गनशिवाय उभी होती, एवढाच दोन्हींतला फरक होता.

तेच उपकरण पुढच्या शुक्रवारी त्यांच्या घरी, गन जोडलेल्या गाडीला लावले. चार्जिंग संपल्यानंतर रेघ खाली आली खरी, पण साधारण दर तासाला ती एकदम 4 अँपिअरवर चढत होती आणि दहा मिनिटे तिथे राहून पुन्हा उतरत होती. गाडीला कोणीतरी ठरावीक वेळाने उठवत होते.

गन आणि गाडी यांच्यात जाड तारांबरोबर एक बारीक तारही असते. तिच्यावरून चार्जर आणि गाडी एकमेकांशी संकेतांनी बोलतात. गन जोडली आणि चार्जिंग सुरू नसले तर तिच्यावर 9 व्होल्ट असतात. वीज द्यायला तयार झालेला चार्जर त्याच तारेवर सेकंदाला हजार स्पंदने पाठवतो आणि त्या स्पंदनांच्या रुंदीवरून गाडीला किती अँपिअर घेता येतील ते कळते. 16 अँपिअरसाठी ही रुंदी सुमारे 27 टक्के असते. साधा मल्टिमीटर इथे सरासरी दाखवून दिशाभूल करतो, म्हणून स्पंदनांचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. भिंतीवरच्या चार्जरमध्ये घरातला विजेचा भार वाटून देण्याची सोय चालू होती, आणि तो दर तासाला स्पंदने थांबवून पुन्हा सुरू करत होता. प्रत्येक वेळी गाडी जागी व्हायची, आपली बॅटरी भरलेली आहे हे पाहायची आणि दहा मिनिटांनी झोपायची. चार्जिंग करायचे नसल्याने या वेळात कॉन्टॅक्टर जोडले जात नव्हते, आणि म्हणून मुख्य बॅटरीतून छोटीला वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही बंदच राहत होता. उभ्या गाडीत छोटी बॅटरी आपोआप भरून घेण्याची सोय या गाडीत होती. पण गन जोडलेली असताना ती काम करत नव्हती.

आता हिशेब जुळत होता. 4 अँपिअरने दहा मिनिटे म्हणजे प्रत्येक खेपेला सुमारे 0.67 अँपिअर-तास, दिवसाला 16 आणि दोन दिवसांत 32. बॅटरी 45 अँपिअर-तासांची होती. इतर दिवशी एका रात्रीत गेलेली वीज दुसऱ्या दिवशीच्या प्रवासात भरून निघे. सुट्टीत मात्र नवी बॅटरीही दोन-तृतीयांशाहून अधिक उतरायची आणि कशीबशी तग धरायची. असे काही वेळा झाले की तिची क्षमता घटायची आणि मग एखाद्या सोमवारी ती पुरेनाशी व्हायची.

चार्जर आणि गाडी यांपैकी एकालाही बिघडलेले म्हणता येत नव्हते. तरी माझ्या मते अधिक दोष गाडीच्या सॉफ्टवेअरचा आहे : दहा मिनिटे जागे राहणाऱ्या गाडीने आपल्या छोट्या बॅटरीचा व्होल्टेज पाहायला हवा. चार्जरमधली ती सोय बंद केली, आणि पुढच्या शनिवार-रविवारी गन जोडलेली असूनही रेघ 25 मिलिअँपिअरवरच राहिली.

"मग आता बॅटरी कशाला बदलायची? कारण तर सापडले," असे मालकीणबाईंनी विचारले, आणि आजवरचा अनुभव पाहता ते रास्तच होते. मी ती पूर्ण चार्ज करून ठरावीक भाराखाली उतरवून दाखवली. वारंवार खोलवर उतरल्याने शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ते चार्जिंगने विरघळत नाहीत. 45 अँपिअर-तासांपैकी जेमतेम 28 उरले होते. आकडा पाहून त्यांनी बॅटरी बदलायला होकार दिला.